‘ओव्हरक्लॉकिंग’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘कम्पॅटिबल’ला?

प्रश्न

एका मदरबोर्डच्या मॅन्युअलचं मराठी करते आहे. ‘मेमरी ओव्हरक्लॉकिंग’साठी भाषांतराच्या यंत्राने ‘स्मृती अतिघड्याळीकरण’ असा शब्द हातात ठेवला. माझ्या डोक्यात ‘अतिवेगन’ आणि ‘लय वाढवणे’ असे दोन पर्याय आहेत. दुसरी अडचण ‘कम्पॅटिबल’ची. दर चार ओळींनी तो येतो आणि प्रत्येक ठिकाणी कोशातला ‘सुसंगत’ घातला की वाक्य मुकं होतं. उदाहरणार्थ: ‘हा बोर्ड डीडीआर५ ७२०० ओसी (म्हणजे ओव्हरक्लॉक केलेल्या) मेमरीशी सुसंगत आहे.’ यातून वाचणाऱ्याला नेमकं काय कळतं?

प्रतिसाद

घड्याळ आधी काढून टाका. इथला क्लॉक वेळ सांगत नाही, ठेका धरतो. ‘अतिवेगन’ही मला पटत नाही, कारण ‘अति’ म्हटलं की ‘अति तिथे माती’ आठवतं आणि वाचणारा घाबरतो. ‘ओव्हर’चा अर्थ इथे ‘ठरवून दिलेल्या दराच्या वर’ एवढाच आहे. हा दर जेडेक नावाची मानकं करणारी संस्था ठरवते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या लागोपाठच्या पिढ्या. डीडीआर४चं मानक २०१२चं, डीडीआर५चं २०२०चं. डीडीआर४मध्ये मानक गती ३२००पर्यंतच जाते. म्हणजे खोक्यावर ३६०० छापलेली डीडीआर४ रॅम तिथपर्यंत नेली की ते ओव्हरक्लॉकिंगच झालं, खोक्यावर तसं लिहिलेलं असो वा नसो. ‘मी ओव्हरक्लॉकिंग करत नाही, फक्त एक्सएमपी चालू केलंय’ हे वाक्य म्हणूनच गमतीचं आहे. एक्सएमपी हे इंटेलचं, २००७पासूनचं. एएमडीचं एक्स्पो २०२२चं. दोन्हींत मानकापुढची गती, टायमिंग आणि व्होल्टेज रॅमवरच्या छोट्या चिपमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, आपण फक्त होकार देतो.

प्रतिसाद

‘लय’ हा शब्द सोडू नका, तो दिसतो त्यापेक्षा खोल जातो. डीडीआर म्हणजे ‘डबल डेटा रेट’, आणि त्यातला ‘डबल’ म्हणजे शब्दशः दुगुन. ठेक्याचा एक ठोका वर जातो, मग खाली येतो. जुनी रॅम वर जातानाच माहिती द्यायची, डीडीआर दोन्ही वेळा देते. म्हणून डीडीआर४ ३२००चा मूळ ठेका १६०० मेगाहर्ट्झचा असतो आणि ३२०० ही सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणीची दशलक्षांतली संख्या. ‘३२०० मेगाहर्ट्झची रॅम’ हा प्रयोग रूढ असला तरी चूक आहे. निदान मॅन्युअलमध्ये तो नको.

दुसरं, ‘सीएल’, म्हणजे माहिती मागितल्यापासून रॅम ती देईपर्यंतचं अंतर. याचं भाषांतर सर्रास ‘विलंब’ असं होतं आणि मग लोक म्हणतात, सीएल ३० ही सीएल १६पेक्षा संथ. सीएल ही मात्रांची मोजणी आहे, वेळेची नव्हे. ३२००च्या रॅममध्ये एक मात्रा ०.६२५ नॅनोसेकंदांची, अशा १६ मात्रा म्हणजे १० नॅनोसेकंद. ६०००च्या रॅममध्ये मात्राच लहान. तिथे ३० मात्रांचेही १० नॅनोसेकंदच होतात. लय चढली की मात्रा आखूड होते, हे तबला ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

प्रतिसाद

बाप रे, रॅमला थेट मैफलीत बसवलंत! पण ‘रॅमची लय वाढवली’ वाचून अर्धे लोक ‘लय भारी’मधला ‘लय’ समजतील. बोलताना सगळे ‘रॅम ओसी केली’च म्हणतात.

प्रतिसाद

मग ‘गती चढवणे’ घ्या. आवाज चढतो, पारा चढतो, भाव चढतो. नेहमीच्या पातळीच्या वर गेल्याचा भाव ‘चढणे’मध्ये आयता आहे. ‘वाढवणे’ म्हणजे नवी स्टिक टाकून आठाचे सोळा जीबी करणंही झालं. पहिल्यांदा ‘ओव्हरक्लॉकिंग’ लिहावं, पुढे ‘गती चढवणे’.

आता ‘कम्पॅटिबल’. हा शब्द इंग्रजीत आळशी आहे. मराठीत त्याची पाच क्रियापदं होतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

‘बसणे’ सगळ्यात सोपं. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या स्टिकला २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी, म्हणून एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसली की पुढचं ‘चालणे’, म्हणजे मानक गतीने सुरू होणं.

‘पेलणे’ आणि ‘झेपणे’ यांत मात्र मी फरक करतो. चढलेली गती स्टिकच्या चिपना झेपावी लागते आणि तिचा भार रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरला पेलावा लागतो. हा कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३मध्ये अ‍ॅथलॉन ६४मध्ये आणि इंटेलने २००८मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात घेतला. त्यामुळे आज ‘मदरबोर्ड पेलत नाही’ म्हणताना निम्मा दोष प्रोसेसरचा असू शकतो. बोर्डाकडे उरतात ते तांब्याच्या वाटा, स्लॉटांची रचना आणि बायोस. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत गती ५२००, चार स्टिक लावल्या की ३६००. तेच प्रोसेसर, तीच रॅम, भार तेवढा वाढला.

काही बोर्डांत पेलण्याचा प्रश्नच येत नाही, मुभाच नसते. इंटेलच्या बी मालिकेतल्या चिपसेटना (बोर्डावरच्या नियंत्रक चिपना) प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे गती चढवायची सोय २०२१मध्ये बी५६०पासून मिळाली. अशा ठिकाणी ‘सुसंगत नाही’ लिहिणं म्हणजे दाराला कुलूप असताना पाय दुखतात असं सांगणं.

राहिलं ‘जुळणे’, स्टिकचं एकमेकींशी. माझ्याकडे ३६००च्या दोन स्टिक वर्षभर बिनतक्रार चालत होत्या. त्याच नावाच्या, तेच आकडे छापलेल्या आणखी दोन आणल्या. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. कॉम्प्युटर तीनदा आपोआप बंद-चालू झाला आणि शेवटी २१३३वर येऊन बसला. स्टिकरवरचं नाव एकच, आतल्या चिप वेगळ्या. ३२००वर उतरवलं, रॅममधल्या चुका शोधणारी मेमटेस्ट रात्रभर लावली, सकाळी चुका शून्य. बसल्या होत्या, चालत होत्या, पण ३६००वर चौघींचं जुळत नव्हतं.

प्रतिसाद

‘टिकणे’ राहिलं की. विंडोज उघडलं म्हणजे गती झेपली असं नाही. एखादा बिट गुपचूप उलटतो आणि चार दिवसांनी झिप फाइल उघडत नाही, तेव्हा रॅमवर संशयही जात नाही. ‘स्टेबल’ला ‘स्थिर’ नको, ‘टिकाऊ’ तर मुळीच नको. ‘ही गती टिकते’ म्हणा.

आणि मॅन्युअलमधल्या ‘क्यूव्हीएल’ या यादीला ‘मान्यताप्राप्त यादी’ लिहू नका. ती बोर्ड बनवणाऱ्यांनी तपासून पाहिलेल्या स्टिकची यादी आहे. त्यात नाव नाही म्हणजे नापास नव्हे, परीक्षेला बसवलंच नाही. ‘पडताळलेल्या मेमरीची यादी’ पुरे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलं आहे: ‘या बोर्डात डीडीआर५ मेमरी बसते. मानक गतीच्या वर ७२००पर्यंत गती चढवण्याची सोय बोर्डात आहे. मात्र ती प्रोसेसरने पेलली पाहिजे आणि मेमरीला झेपली पाहिजे.’

प्रतिसाद

छान. पण ७२०० हा आकडा किती स्टिकसाठी? असे आकडे बहुधा एका चॅनेलवर, म्हणजे कंट्रोलरपासून रॅमकडे जाणाऱ्या एका मार्गावर, एकच स्टिक असतानाचे असतात. मूळ मॅन्युअलात खाली बारीक अक्षरांत बघा.

मूळ प्रश्नकर्ती

आहे खरं! एका चॅनेलवर एकच. ते बारीक अक्षरांतून उचलून वाक्यातच घेते.