मोल्दोव्हाला दोन दिवस पुरतील का?

वैशाली, बी-३०४: नमस्कार मंडळी. माझी भाची मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनावला डॉक्टरकी शिकतेय. सप्टेंबरअखेर तिला भेटायला आम्ही दोघं जातोय. टूरवाले म्हणतात, तिथे बघण्यासारखं काही नाही, दोन दिवस ठेवा आणि रोमानियाला निघा. कुणी जाऊन आलंय का?

कुलकर्णी काका, ए-१०२: हा देश नेमका आला कुठे?

सायली, सी-५०१: काका, रोमानिया आणि युक्रेनच्या मधे. १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता. महाराष्ट्राच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा. समुद्र नाही, दक्षिण टोकाला डॅन्यूबचा जेमतेम अर्धा किलोमीटर काठ आहे, तिथेच त्यांचं बंदर.

वैशालीताई, मी रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला नोकरीला असताना जाऊन आलेय. दोन दिवसांत उरकू नका, निदान चार द्या. त्यातला एक पूर्ण दिवस ओर्हेउल वेकीला. राउत नदी तिथे चुनखडीच्या कड्याला वळसा घालून जाते आणि त्या कड्याच्या पोटात साधूंनी कोरलेला मठ आहे. पायऱ्या उतरून गेलात की अंधारी, ठेंगणी खोली, मेणबत्त्या, भिंतीवर संतांची चित्रं. पलीकडच्या दारातून बाहेर पडलात की थेट कड्याच्या अरुंद कठड्यावर, खाली नदी आणि शेतं. खालच्या बुतुचेनी गावात घरगुती राहायची सोय होते. रात्र तिथेच काढा.

वैशाली, बी-३०४: सगळे वायनचंच सांगतात. आम्ही घेत नाही गं.

सायली, सी-५०१: तरी क्रिकोव्हाचं वायनचं तळघर बघाच. चुनखडीची जुनी खाण आहे, शंभर किलोमीटरहून जास्त बोगदे. किशिनावच्या इमारतींना दगड अशाच खाणींतून गेला. बोगद्यांना रस्त्यांसारख्या पाट्या आहेत आणि छोट्या गाडीतून फिरवतात. आत बारमाही थंडी, स्वेटर न्या. १९६६ मध्ये युरी गागारिन इथे येऊन गेला.

नीलिमा काकू, ए-४०३: जेवणाचं काय? वैशाली शाकाहारी आहे.

सायली, सी-५०१: मामालिगा मिळते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत चीज आणि आंबट साय. बटाटा किंवा कोबी भरलेल्या प्लाचिंता तर कोपऱ्याकोपऱ्यावर. हॉटेलात ‘दे पोस्त’ म्हणजे उपासाचं मागा, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. फक्त मासे नाहीत ना, तेवढं विचारून घ्या.

कुलकर्णी काका, ए-१०२: शेजारी युद्ध चालू आहे, जपून.

सायली, सी-५०१: बरोबर, काका. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाच. आणि ताई, नीस्त्रू नदीपलीकडच्या ट्रान्सनिस्ट्रियात जाऊ नका. १९९२ च्या लढाईपासून तिथे किशिनावचा कारभार चालत नाही, चलनसुद्धा वेगळं. लोक हौसेने लेनिनचा पुतळा बघायला जातात, पण काही अडलं तर मदत मिळणं कठीण.

येताना बुखारेस्टची रात्रीची रेल्वे चालू असेल तर तीच घ्या. सीमेवरच्या उंघेनी स्टेशनात प्रवाशांसकट डबे उचलतात आणि खालची चाकं बदलतात, कारण सोव्हिएत रूळ १५२० मिलिमीटरचे, रोमानियाचे १४३५.

कुलकर्णी काका, ए-१०२: आपला ब्रॉडगेज १६७६! रेल्वेत उभी हयात गेली, पण हे प्रकरण पाहिलं नाही. वैशाली, व्हिडिओ काढून पाठव बरं.

वैशाली, बी-३०४: नक्की काका. सायली, व्हिसा?

सायली, सी-५०१: रोमानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, मोल्दोव्हा नाही, त्यामुळे दोन्हीकडचे नियम वेगवेगळे बघा. मधे बाहेर पडून परत रोमानियात शिरणार असाल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या.