श्रीलंका २०२२: त्या वर्षी तुम्ही तिथे होतात का?

रांगेतली

परवा आवराआवरी करताना जुना फोन सापडला. चार्ज केला, तर गॅलरीत पेट्रोलचा क्यूआर कोड. त्या वर्षी श्रीलंकेकडचे डॉलर संपत आले आणि इंधन, गॅस, औषधं बाहेरून आणणं अवघड झालं. जुलै २०२२ पासून तिथे तो कोड दाखवल्याशिवाय पंपावर थेंब मिळत नसे. सुरुवातीला गाडीला आठवड्याला २० लिटर आणि मोटरसायकलला ४.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड सहा वर्षं कोलंबोत होतं. त्या दिवसांत तिथे कामाला असलेले, फिरायला गेलेले, तिथे सोयरीक झालेले मराठी लोक बरेच असतील. म्हणून हा धागा. तेव्हाचे राष्ट्रपती राजपक्षे, चीन वगैरे चर्चा भरपूर झाली आहे. तुमच्या घरात, कामावर काय झालं ते लिहा.

सुरुवात मीच करते. रांगेला सिंहलीत 'पोलिम' म्हणतात. पाच वर्षांत मला भाजीपुरतं सिंहली येत होतं, हा शब्द मात्र एका आठवड्यात पाठ झाला. गॅसची पोलिम, पेट्रोलची पोलिम, दूध पावडरीची पोलिम. सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून रात्रभर रस्त्यावर ठेवायचे आणि पहाटे आपापल्या सिलिंडरपाशी जाऊन उभं राहायचं. मार्चअखेर तर दिवसाला १३ तास वीज नव्हती. आम्ही नवव्या मजल्यावर. लिफ्ट बंद आणि पंप बंद म्हणून पाणीही बंद.

पण लक्षात राहिला तो आमचा नेहमीचा टुकटुकवाला. दोन दिवस रांगेत काढून आला होता. मला म्हणाला, "अक्का, अर्थमंत्री संसदेत सांगतात, खर्चायला ५ कोटी डॉलरसुद्धा उरले नाहीत." सरकारच्या गंगाजळीचा आकडा रिक्षावाल्याला तोंडपाठ! माझ्या बँकेतल्या भावालाही आपल्याकडचा आकडा सांगता आला नसता.

एक कबुलीही देऊन टाकते. २०१९ च्या शेवटी नव्या सरकारने व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, तेव्हा आमच्या सोसायटीत सगळे खूश होते. मीसुद्धा. तिजोरीत मग येणार कुठून, हे कोणी विचारलं नाही.

इचलकरंजीकर

कोलंबोच्या विमानतळाजवळ कटुनायके आहे, तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. एक गोष्ट तेव्हाही खटकली, अजूनही खटकते. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या रुपयाचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि डॉलर २०० रुपयांवरून बघता बघता ३६० च्या आसपास गेला. आमचा माल डॉलरमध्ये विकला जायचा, मुलींचा पगार रुपयात. देशात डॉलर आणणाऱ्या ज्या मुली, त्याच संध्याकाळी बोर्डिंगवर डाळ परवडत नाही म्हणून भात आणि नारळाच्या चटणीवर भागवायच्या. एकीच्या आईची रक्तदाबाची गोळी मिळेना, म्हणून मी सुट्टीवरून परत जाताना सांगलीहून घेऊन गेलो. मग प्रत्येक खेपेला यादी वाढत गेली. शेवटी शर्ट घरीच ठेवून बॅगेत औषधंच भरायचो.

दर्यावर्दी_रत्नागिरी

छोटा अनुभव. एप्रिल-मेमध्ये आमचं जहाज कोलंबोबाहेर नांगरून होतं. जवळपासच पेट्रोलने भरलेलं एक जहाज मार्चअखेरपासून उभं होतं. पैसे मिळाल्याशिवाय माल उतरवायचा नाही, असा त्यांना हुकूम. रात्री डेकवर उभं राहिलं की शहराचे अर्धे दिवे गेलेले दिसायचे आणि इकडे पाण्यावर तेलाचं जहाज झगमगतंय. इतकं विचित्र दृश्य २२ वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही.

सळई_सिमेंट

मी सिव्हिलवाला, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. रांगा संपल्या, पण अडकलेली कामं अडकलेलीच राहिली, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

कोलंबोहून कँडीकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचंच बघा. मिरिगामा ते कुरुनेगल हा मधला तुकडा जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाला. कोलंबोला जोडणारा कडवत ते मिरिगामा हा तुकडा मात्र रखडला. म्हणजे घराचा मधला जिना बांधून तयार, खालच्या पायऱ्याच नाहीत! जपानच्या कर्जातून होणारी कोलंबोची हलकी रेल्वे २०२० मध्ये सरकारनेच रद्द केली. विमानतळाचं नवं टर्मिनलही जपानच्या पैशाने चाललं होतं. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी देणी थांबवली आणि ते कामही थंडावलं.

आमच्या साइटवर (नाव नको) चार महिन्यांची बिलं थकली होती. उपठेकेदार रोज येऊन खुर्चीत बसायचा, काही बोलायचा नाही, चहा पिऊन जायचा. मग दूध पावडर संपली. आम्ही काळा चहा देऊ लागलो. तोही निमूट प्यायचा. शेवटी त्याने शटरिंगच्या पाट्या विकून मजुरांचे पैसे भागवले.

आणि दक्षिणेकडचा मत्तलचा विमानतळ २०१३ पासून तयार आहे, पण तिथे विमानं फारशी येतच नाहीत. मध्यंतरी तिथे भात साठवला होता. नको ते पूर्ण झालं आणि हवं ते अर्धवट राहिलं, याचीच लोकांना जास्त चीड होती. मजुरांच्या तोंडून हेच ऐकायचो.

कुरुनेगलची_सून

सळई_सिमेंट, तुमचा तो मधला जिना आमच्या सासरच्या गावापाशीच संपतो! सासूबाई म्हणायच्या, रस्ता आला, पण त्यावरून न्यायला भात कुठे आहे? २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, तोवर आमच्या शेतातलं पीक निम्म्यावर आलं होतं.

धाकटा दीर कोलंबोत गॉल फेस मैदानावर सरकारविरोधी आंदोलनात होता. ९ जुलैला राष्ट्रपतींच्या वाड्यात लोक घुसले, त्यात तोही. रात्री फोनवर मी विचारलं, आत काय केलंस? म्हणाला, "पोहण्याचा तलाव बघायला रांग होती, वहिनी. तीन महिने पोलिम लावून सवय झालेली. तिथेही लावली."

आता रांगा नाहीत. जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के आहे आणि विजेचं बिल आलं की सासूबाई आधी ते माझ्या नवऱ्याला वाचायला लावतात, मग स्वतः चष्मा लावून पुन्हा वाचतात. स्वयंपाकघरात एक सिलिंडर चालू असतो, पलंगाखाली दुसरा भरलेला. तिसरा शेजारणीकडे ठेवलाय, तो मला मागच्या खेपेला कळला.