चष्म्याच्या दुकानासाठी कार्ड मशीन: बँकेचे घ्यावे की पेमेंट कंपनीचे?

प्रश्न (चष्मेविक्रेता, सातारा)

नमस्कार. माझे चष्म्याचे छोटे दुकान आहे. लहान रकमा यूपीआयच्या क्यूआरवर येतात; परंतु प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा आठ-दहा हजारांवर गेला की ग्राहक क्रेडिट कार्ड पुढे करतात किंवा हप्त्यांची सोय आहे का, असे विचारतात. माझे चालू खाते असलेली बँक मशीनचे दरमहा ३५० रुपये भाडे आणि क्रेडिट कार्डावर १.८० टक्के आकार सांगते. एका पेमेंट कंपनीच्या प्रस्तावात भाडे नाही, मात्र क्रेडिट कार्डाचा दर २.२५ टक्के आहे. डेबिट कार्डासाठी दोघांनीही ०.९० टक्के लिहिले आहे. गेल्या वर्षीची उलाढाल २० लाखांच्या थोडी आत होती. महिन्याला सुमारे ८०,००० रुपये कार्डावर येतील, त्यांपैकी ५०,००० क्रेडिट कार्डाचे असतील, असा माझा अंदाज आहे. कोणता प्रस्ताव स्वीकारावा? हा आकार ग्राहकाच्या बिलात मिळवता येतो का?

उत्तर (करसल्लागार, कोल्हापूर)

प्रथम डेबिट कार्डाचा दर दुरुस्त करून घ्या. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून लागू केलेल्या नियमानुसार, मागील वर्षी २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याकडून मशीनवरील डेबिट कार्ड व्यवहारासाठी ०.४० टक्क्यांपेक्षा अधिक एमडीआर (कार्ड व्यवहारावर व्यापाऱ्याकडून कापला जाणारा आकार) घेता येत नाही आणि एका व्यवहाराला २०० रुपयांची कमाल मर्यादा आहे, ०.९० टक्के ही त्याहून मोठ्या व्यापाऱ्यांसाठीची मर्यादा आहे. रुपे डेबिट कार्डावर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही, त्यामुळे घासाघीस करायची ती तेथेच.

उरलेल्या ३०,००० पैकी १०,००० रुपे डेबिटचे आणि २०,००० इतर डेबिट कार्डांचे धरू. बँकेकडे क्रेडिटचे ९००, डेबिटचे ८० आणि भाड्याचे ३५० मिळून १,३३० रुपये होतात. १८ टक्के जीएसटी धरल्यास १,५६९ रुपये ४० पैसे. कंपनीकडे १,१२५ आणि ८० मिळून १,२०५, म्हणजे जीएसटीसह १,४२१ रुपये ९० पैसे. आज कंपनीचा प्रस्ताव स्वस्त पडतो, पण क्रेडिट कार्डाची मासिक विक्री सुमारे ७८,००० रुपयांवर गेली की दरातील ०.४५ टक्क्याचा फरक भाड्याला मागे टाकतो आणि बँक स्वस्त ठरते. दिवाळी आणि लग्नसराईचे महिने निराळे मोजून पाहा.

जीएसटी नोंदणी असल्यास या १८ टक्क्यांचे इनपुट क्रेडिट (भरलेला कर आपल्या देय जीएसटीतून वजा करण्याची सोय) मिळू शकते. नोंदणी नसल्यास तो निव्वळ खर्च आहे. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावरील आकाराला जीएसटीतून सूट आहे. आपली कार्डाची बिले मोठी असल्याने ती सूट येथे धरलेली नाही.

उत्तर (कापड दुकानदार, सांगली)

वरील हिशेब योग्य आहे, तथापि मी करारातील अटींना दराइतकेच महत्त्व देतो. मशीन मुदतीपूर्वी परत केल्यास दंड आहे का, शनिवारी झालेल्या विक्रीची रक्कम खात्यात नेमकी कधी जमा होते, कॉर्पोरेट आणि परदेशी कार्डांचा दर किती आणि हप्त्यांच्या व्यवहाराला वेगळा आकार लागतो का, हे सर्व लेखी घ्या. प्रतिनिधी जो दर तोंडी सांगतात तो बहुधा साध्या क्रेडिट कार्डाचा असतो.

आपल्या व्यवसायात चार्जबॅकचा (ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने व्यापाऱ्याकडून रक्कम परत घेण्याचा) धोका गंभीर आहे, कारण एकाच्या नंबरप्रमाणे घासलेली काच दुसऱ्याला विकता येत नाही. ग्राहकाने काही आठवड्यांनी बँकेकडे तक्रार केली, तर ठरलेल्या मुदतीत पुरावा द्यावा लागतो. म्हणून ऑर्डरच्या पावतीवर नंबर, काचेचा प्रकार आणि ग्राहकाची सही असावी, चष्मा नेतानाही सही घ्यावी आणि चार्ज स्लिपचे (मशीनमधून निघणाऱ्या पावतीचे) छायाचित्र काढून ठेवावे. त्या कागदावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. ऑर्डर रद्द झाली, तर पैसे त्याच कार्डावर परत करावेत, रोख कधीही देऊ नयेत.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. बिलात आकार मिळवण्याचा मुद्दा मात्र राहिला. शिवाय, कार्ड थेट मोबाईलला टेकवून पैसे घेण्याची सोय मला पुरेल का?

उत्तर (करसल्लागार, कोल्हापूर)

डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकावर टाकण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. क्रेडिट कार्डाबाबतही व्यापारी करारात सहसा तशीच अट असते, तेव्हा हा खर्च काचा आणि फ्रेमच्या किमती ठरवतानाच विचारात घ्यावा. कार्ड टेकवून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतचाच व्यवहार होतो आणि आपली कार्डाची बिले त्याहून मोठी आहेत. मोबाईलवर पिन घेण्याची सोय आहे का, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. आणखी एक गोष्ट तपासा: यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाने ग्राहक आपल्या सध्याच्या क्यूआरवरही पैसे देऊ शकतो. छोट्या व्यापाऱ्याला दोन हजारांपर्यंत त्यावर आकार नसला, तरी पुढील रकमांवर तो लागू शकतो, म्हणून क्यूआर देणाऱ्याकडूनही दरपत्रक मागवा आणि बँकेला ०.४० टक्क्याविषयीचे पत्र उलाढालीच्या पुराव्यासह करारावर सही करण्यापूर्वीच द्या.