बँक्वेट हॉलमधलं सरकतं पार्टिशन खाली घासतंय, ट्रॅकमध्ये ग्रीस भरावं का?

हॉल_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमच्या बँक्वेट हॉलच्या मधोमध वरून लटकणारं सरकतं पार्टिशन आहे, आठ पॅनलचं. एका बाजूला साखरपुडा, दुसऱ्या बाजूला कंपनीची मीटिंग, असं चालतं. हल्ली तिसरं पॅनल ओढताना कार्पेटला घासतं, दोन पोरं लावावी लागतात. शिवाय पार्टिशन पूर्ण लावूनही पलीकडचा माईक स्पष्ट ऐकू येतो. सुतार म्हणतो, पॅनल खालून अर्धा इंच तासतो आणि ट्रॅकमध्ये ग्रीस भरतो. करू द्यावं का?

पार्टिशन_फिटर:
दादा, दोन्ही करू देऊ नका. हेच काम करतो म्हणून कळकळीने सांगतोय. पॅनल म्हणजे नुसता दरवाजा नाही. हँडल फिरवलं की वर-खाली सीलपट्ट्या बाहेर येतात, त्यांची यंत्रणा आतच असते. खालून तासलं की तळाची चौकट आणि सील दोन्ही हातची जातात.

आधी हँडल उलटं फिरवून खालचा सील पूर्ण आत गेलाय का बघा. कार्यक्रमाच्या घाईत पोरं हँडल अर्धवटच फिरवतात आणि बाहेर राहिलेला सील कार्पेटवर ओढत नेतात. सील आत असूनही घासत असेल, तर एकच गोष्ट तपासा: घासणं पॅनलबरोबर फिरतंय की एकाच जागी होतंय? प्रत्येक पॅनल त्याच जागी अडत असेल, तर तिथे ट्रॅक लोंबलाय, म्हणजे स्लॅबमधून आलेल्या रॉडचे नट बघायचे, नाहीतर जमीन उंच आहे. एकच पॅनल सगळीकडे घासत असेल, तर त्याच्या ट्रॉलीचा, म्हणजे पॅनल ज्यावर लटकतं त्या ट्रॅकमधल्या चाकांच्या गाडीचा, बोल्ट उतरलाय.

आवाज अडवणाऱ्या पॅनलचं वजन दर चौरस मीटरला ४०-५० किलो धरा. १.२ मीटर रुंद, ३.६ मीटर उंच पॅनल २०० किलोच्या आसपास जातं. हा सगळा भार ट्रॉलीच्या एकदोन बोल्टांवर असतो. रोजच्या हादऱ्यांनी चेक नट (बोल्ट फिरू नये म्हणून आवळलेला नट) सैल होतो, बोल्ट फिरतो आणि पॅनल हळूहळू खाली येतं. म्हणून तो बोल्ट सुताराच्या हाती देऊ नका. पॅनलला खालून पक्का आधार देऊन, माहितगार माणसाकडूनच फिरवून घ्या.

ग्रीसचं म्हणाल, तर कार्पेटचा भुगा त्याला चिकटून लगदा होतो. मग रोलर फिरायचं सोडून घसटत जातो आणि एका बाजूने झिजतो. ट्रॅकच्या आत रोलर जिथून धावतो ती पट्टी कोरड्या फडक्याने पुसायची, बस्स. सिलिकॉन स्प्रे फक्त रबरी सीलला, तोही फडक्यावर मारून.

आवाजवाला_पुणे:
माईकच्या आवाजासाठी पार्टिशनच्या वर काय आहे ते बघा. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबतं. ट्रॅकपासून स्लॅबपर्यंत आवाज अडवणारा पडदा उभारला नसेल, तर आवाज पोकळीतून सरळ पलीकडे उतरतो. एसीचा डक्ट दोन्ही बाजूंना सलग असेल तर तोही वाट देतो.
रात्री एका बाजूचे दिवे बंद करून पार्टिशनकडे बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाज येणारच. एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट राहिली, तरी पार्टिशन कितीही भारी असो, २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही.

हॉल_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. सील पूर्ण आत जातो. फक्त तिसरंच पॅनल घासतं, तेही सगळीकडे. भिंतीकडचं टोक शेजारच्यापेक्षा ४ मिमी खाली आहे. सुताराला थांबवलंय. शेवटच्या पॅनलपाशी उजेडाची उभी रेघही दिसली.

सेफ्टी_ठाणे:
एक विसरू नका. पार्टिशन लावल्यावर दोन्ही भागांना बाहेर पडायची स्वतंत्र वाट हवी. जानेवारी-जुलैला फॉर्म ब साठी, म्हणजे आगीपासून सुरक्षेच्या सहामाही दाखल्यासाठी, एजन्सी येते, तेव्हा पार्टिशन लावलेलं असतानाच हॉल दाखवा. उघड्या हॉलमध्ये सगळं ठीकच दिसतं.

पार्टिशन_फिटर:
४ मिमी म्हणजे त्या टोकाचा बोल्टच. दुरुस्ती होईपर्यंत ते पॅनल पार्किंगमध्ये, म्हणजे पॅनल सरकवून गोळा करायच्या जागेत, उभं ठेवा, ओढाताण नको. उजेडाची रेघ शेवटच्या पॅनलची आहे: त्याचा सरकता भाग भिंतीला पूर्ण टेकत नाहीये. हँडल जोर लागेपर्यंत फिरवा, पण त्यापुढे रेटू नका, आतला गिअर तुटतो.
माणूस आला की बोल्ट लेव्हल करून चेक नट आवळल्यावर नट-बोल्टवर मिळून पेंटची एक रेघ मारायला सांगा. दर तीन महिन्यांनी टॉर्च मारून बघायचं. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरलाय, पॅनल घासायच्या आधीच कळेल.