प्रतिसाद: वनराजा कोंबडीची पिल्लं एकदाच आणून पुढे घरीच पैदास

मूळ पोस्टमध्ये वजनाबाबत लिहिलंय ते पटतं. गावठी कोंबड्यांपेक्षा वनराजा, गिरिराज या सुधारित जाती लवकर भरतात. पण ‘एकदाच पिल्लं आणा, पुढे मुरबाडच्या वाडीवर त्यांचीच पैदास करा’ हा तिथला सल्ला पटत नाही. ही संकरित कोंबडी. पुढची पिढी एकसारखी निघत नाही, वाढ मागेपुढे होते. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसत नाहीत, मग अंडी उबवणार कोण? म्हणून दोन-तीन गावठी माद्या ठेवाच. खुडूक बसली की खाली आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी, एकविसाव्या दिवशी पिल्लं. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की आतल्या रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसतात. कोरी अंडी काढून टाकायची. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरे, दर पिढीला तो बाहेरून आणलेला बरा.

लसीचं मात्र कुणीच लिहिलं नाही. मानमोडीसाठी (राणीखेत रोग) लासोटा ही लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची लस साधारण चौदाव्या दिवशी. आणि आपल्याकडच्या पावसात खुराड्यात अंथरलेलं भाताचं तूस भिजलं की रक्ती हगवण आलीच. त्यामुळे पहिली बॅच जूनमध्ये नको, दिवाळीनंतर काढा.