दशांश (कमाईतला देवाचा दहावा हिस्सा) ग्रॉस पगारावर की हातात पडतो त्यावर? तुमच्या घरचा अनुभव लिहा

भुसावळची आई
मुलाला पुण्यात पहिली नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या रात्री फोन आला, मला वाटलं साडीचा रंग विचारेल, तर म्हणे आई दशांश कशावर काढू, ग्रॉसवर की नेटवर. कागदावर ४०,००० आहेत, दोन्हीकडचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स जाऊन ३५,००० जमा झाले. म्हणजे प्रश्न ५०० रुपयांचा, पण मला उत्तरच देता येईना. माझे वडील इथेच रेल्वेत होते, पगार रोख मिळायचा, आई आधी दहावा हिस्सा डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि मग किराण्याची यादी करायला बसायची. त्या डब्याचं झाकण इतकं गच्च की उलथन्याच्या टोकाने उचकटावं लागायचं, महिनाअखेरीला मोह नको म्हणून तोच डबा निवडला असावा असं आता वाटतं. ग्रॉस-नेट हे शब्द घरात कुणाला माहीत नव्हते. तुम्ही कसं करता ते लिहा. बायबलमधलं मलाखी ३:१०, दशांश आणा म्हणणारं वचन, सगळ्यांना पाठ आहे, ते परत नको, घरातला हिशोब लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

नवापूरकर
आमचं भात आणि तूर. पगारच नाही तर ग्रॉस कुठलं ताई. बाप खळ्यावर स्वतः मोजायला बसायचा, नऊ पायल्या पोत्यात, दहावी बाजूच्या गोणपाटावर, आणि ती दहावी नेहमी जरा शीग लावून. मजुरांचं धान्य त्याआधीच निघालेलं असायचं, ते आपलं नव्हतंच म्हणे. बियाणं-खत मात्र तो वजा करायचा नाही. मी करतो. कारण त्याचं बी घरचं आणि खत गोठ्यातलं, मला दोन्ही दुकानातून उधारीवर आणावं लागतं. यावरून चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांशी माझं वाजलं, ते म्हणे देवापुढे खर्चाची वही उघडतोस का, मी म्हटलं दुकानदार माझ्यापुढे उघडतो ना.
बाकी खरी मजा हंगामाच्या सणाला. वेदीपुढे तांदळाच्या टोपल्या, पपया, दुधी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की बाहेर लिलाव. मागच्या खेपेला ४० रुपयांचा दुधी ६५० ला गेला, घेणाऱ्याने तो परत लिलावात ठेवला, मग दुसऱ्याने ३०० ला घेतला. एका दुधीचे ९५०! हे पैसे दशांशात धरायचे नाहीत असं आमच्याकडे आहे, ते वरचं अर्पण. कोंबड्यावर बोली चालू असताना त्याची दोरी सुटली आणि तो बेंचाखाली घुसला, सगळी पोरं त्याच्या मागे, पाळकसाहेब हसून हसून खाली बसले.

केळीवाला, रावेर
मी मुसलमान आहे, तुम्ही लिहा म्हटलं म्हणून लिहितो. आमच्यात पिकाचा उश्र असतो, आणि तो पाण्यावर ठरतो. नुसत्या पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, विहिरीचं-मोटरीचं पाणी स्वतः दिलं तर विसावा. आमची केळी ठिबकवर, म्हणजे विसावा. जकात वेगळी, ती वर्षभर हातात राहिलेल्या शिलकीवर अडीच टक्के, तेही निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान रकमेइतकी शिल्लक असली तर, पगार किती आला त्यावर नाही. त्यामुळे तुमच्या मुलाचा प्रश्न ऐकून मला गंमत वाटली. एका मे महिन्यात दुपारी वादळ आलं आणि अर्ध्या तासात अख्खा बाग आडवा, घड लागलेली झाडं एकावर एक. अब्बा बांधावर उभे राहून म्हणाले, जे कापलंच नाही त्याचा हिस्सा कोण मागेल. त्या वर्षी आमच्याकडून गेला तो फक्त ईदचा फितरा, म्हणजे रमजान ईदला गरिबांना द्यायचं दान.

मास्तर, धुळे
थोडं रुक्ष लिहितो पण उपयोगी पडेल. माझी आजी शिकलेली नव्हती, ती म्हणायची "पैसा हातमा उना का पहिले देवना वाटा काढ". हातात आल्यावर, म्हणजे नेट झालं की! मी तसंच करतो पण तीन वाटे करून. दशांशातला अर्धा चर्चला, उरलेल्यातला निम्मा चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलला, राहिलेला एका मुलीच्या हॉस्टेलच्या फीला. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेतला वंश), उपरी, पोरके आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायला सांगितलाय, तिथून हे डोक्यात आलं. आता माझा गाढवपणा. दोन-चार वर्षांपूर्वी एका संस्थेला ५,००० रोख दिले, छान छापील पावती मिळाली, त्यावर ८०जी (देणगीवरच्या आयकर सवलतीचा) नंबरसुद्धा होता. रिटर्न भरताना कळलं की २,००० च्या वर रोख दिलं तर ८०जी मध्ये एक रुपयाही सूट नाही, चेक किंवा ऑनलाइनच द्यायला हवं होतं. आणि पुढच्या वर्षी मी नवी करप्रणाली घेतली, तिथे ८०जी नाहीच. चर्चची साधी अर्पणाची पावती तर तशीही त्यात बसत नाही. म्हणून मुलाला सांगा, सूट मिळेल या हिशोबाने आकडा ठरवू नको, नाहीतर मार्चमध्ये माझ्यासारखं तोंड होईल.

नाव नको, जळगाव जिल्हा
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. आमच्या भागात बाहेरून एक प्रचारक आला होता, तीन रात्री मंडप. पेरा म्हणजे दुप्पट मिळेल, आज जेवढं टाकाल तेवढी तुमची श्रद्धा. माझ्या नवऱ्याने हातउसने घेऊन ११,००० टाकले, मला न सांगता. दुप्पट तर सोडाच, उसने फेडायला माझी बिशी मोडली. त्यावर कडी म्हणजे शेवटच्या रात्री माइकवरून नावं आणि रकमा वाचल्या, शेजारणीने ५१ टाकले होते, ती मान खाली घालून बसली. गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे बारकी नाणी, श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठ्या हे बायबलमध्येच आहे ना? तेव्हापासून मी पाकिटावर नाव लिहीत नाही. देते, पण नाव नाही.

नर्सबाई, नंदुरबार
माझा दहावा हिस्सा आईच्या डायलिसिसच्या गाडीभाड्यात जातो. आठवड्याला दोनदा. चर्चमध्ये अर्पणाची थाळी पुढे आली की २० रुपये टाकते आणि पुढे सरकवते, लाज वाटते. हे धरतात का दशांशात?

भुसावळची आई
नर्सबाई, मार्क ७ वाचा. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांनाच प्रभूने झापलंय. दशांशात धरतात की नाही मला माहीत नाही, पण लाज कसली.

जुना सभासद, चोपडा
आमच्याकडे आता थाळीला क्यूआर कोड चिकटवलाय. मागच्या रविवारी पास्टर "चला शांततेत प्रार्थना करूया" म्हणाले आणि त्याच क्षणी कुणाचातरी फोन मोठ्याने बोलला, रुपये पाचशे प्राप्त झाले.

भुसावळची आई
हसून पुरेवाट. सगळ्यांचं काल रात्री मुलाला वाचून दाखवलं. ३,५०० पाठवतोय, त्यातले १,००० नवापूरकडच्या एका बोर्डिंगला, हे त्याचं त्यानेच ठरवलं. राहिला पीएफचा दशांश, तर म्हणतो तो पैसा रिटायर झाल्यावर हातात येईल, तेव्हाचं तेव्हा बघू. मी म्हटलं तेव्हा आठवण करायला मी नसणार, आत्ताच वहीत लिहून ठेव. लिहिलं म्हणे, मोबाइलमध्ये. डालड्याचा डबा अजून माळ्यावर आहे, खिळे ठेवलेत त्यात.