गच्चीचा कोबा सोमवारी फोडायचा की नाही?

कामत काकू ४०२: नाईक, सोमवारपासून गच्ची फोडणार म्हणे. हे वाचलंत का?

कामत काकू ४०२ (फॉरवर्ड): ⚠️ उत्तरेतून थंडीची भयंकर लाट!! कोकण-गोव्यात पुढचे ५ दिवस मुसळधार!! घराबाहेर पडू नका. दहा जणांना पाठवा.

कामत काकू ४०२: गेल्या पावसाळ्यात आमच्या देवघराच्या भिंतीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. परत फोटो टाकत नाही.

नाईक (सेक्रेटरी): नमस्कार काकू 🙏 कंत्राटदाराची तारीख मुश्किलीने मिळालीय. जानेवारीत कसला पाऊस? निर्धास्त राहा.

कामत काकू ४०२: निर्धास्त राहा हे तुम्ही मे महिन्यातही म्हणाला होतात.

रोहन ३०४: थंडीची लाट पण आणि मुसळधार पण. आपण म्हापशात राहतो की मनालीत?

पेडणेकर १०४: बी विंगची टाकी पहाटेपासून वाहतेय. फ्लोट बदला.

शिरोडकर सर २०३: कामत वहिनी, ह्या मॅसेजवर ना तारीख ना खात्याचं नाव. आल्तिनोच्या हवामान केंद्राचं आजचं पत्रक मी पाहिलं. तीन दिवस सगळा गोवा कोरडा. चौथ्या-पाचव्या दिवशी तुरळक ठिकाणी हलक्या सरी. लाटेबिटेचा उल्लेख नाही. किनारपट्टीवर किमान तापमान १५ किंवा खाली गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, तर लाट म्हणतात. पणजीत जानेवारीची सरासरीच २० च्या आसपास. लाट यायची तर केवढी घसरण व्हावी लागेल बघा.

रोहन ३०४: आमच्या बाबांनी काल कानटोपी काढली सर. पत्रकात नोंद घ्या.

देसाई ४०१: विषय पावसाचा नाही, पैशांचा आहे. गच्चीची वर्गणी किती फ्लॅटची बाकी आहे ते सेक्रेटरींनी जाहीर करावं.

नाईक (सेक्रेटरी): देसाई, ती यादी इथे नको. मीटिंगमध्ये बोलू.

देसाई ४०१: मीटिंगला जे येत नाहीत त्यांचीच बाकी आहे.

पेडणेकर १०४: फ्लोट. बी विंग.

सुनीता वहिनी १०२: 🙏 रविवारचं हळदीकुंकू गच्चीवरच ना? वाण आणून झालंय. पाऊस आला तर पार्किंगमध्ये करू, पण मग गाड्या काढा म्हणजे झालं.

राणे बाब ३०१: सरांचं खरं असेल, पण मी काल वाळपईला बागेत होतो. दुपारपासून मळब. रात्री गार वाटायला हवं होतं तर उलट घामाघूम. माझा काजू आत्ता फुलावर आलाय. ह्या दिवसांत एक सर पडली तरी फूल काळं पडून गळतं. आणि नुसतं मळब राहिलं तरी ढेकण्या येतो, कोवळ्या पालवीतला रस शोषून फांदीच वाळवतो. तुमच्या गच्चीला ताडपत्री घालता येते, काजूला काय घालू?

शिरोडकर सर २०३: राणे बाब, घामाघूम होण्याचं कारण तेच. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाची क्षेत्रं, येतात. पाऊस नि बर्फ काश्मीर-हिमाचलला पडतो, आपल्याकडे क्वचितच काही पोचतं. पण विक्षोभ वर सरकत असताना उत्तरेचा कोरडा वारा अडतो, समुद्राकडची दमट हवा आत येते आणि ढग धरतात. ढगांखाली रात्र तापलेलीच राहते. विक्षोभ पुढे गेला की उत्तरेचा वारा पुन्हा सुटतो, तेव्हा खरा गारवा. तुमच्या वाळपई-सांग्याला जास्त, आम्हाला समुद्रामुळे कमी. म्हणजे आधी मळब, मग थंडी. त्या फॉरवर्डवाल्याने दोन्ही एका दिवशी घातलंय.

रोहन ३०४: सर, परीक्षेत किती मार्कांना?

शिरोडकर सर २०३: तुला नववीत सातच दिले होते.

कामत काकू ४०२: सर, तुमचा मान राखून विचारते. तुरळक म्हणजे आमच्या गच्चीवर की नाही?

शिरोडकर सर २०३: शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर पडला तर तुरळक. कुठली गच्ची ते पत्रकात नसतं वहिनी.

कामत काकू ४०२: मग माझीच असणार.

देसाई ४०१: २०१७ च्या डिसेंबरातही 'काही होत नाही' म्हणत होते. ओखी लांबून गेलं तरी मांद्रे-मोरजीच्या शॅकमध्ये समुद्र घुसला.

नाईक (सेक्रेटरी): ते चक्रीवादळ होतं हो. आणि आपली गच्ची समुद्रावर नाही.

देसाई ४०१: पाणी मात्र भरती आल्यासारखं साचतं. उतार कोणी पास केला होता?

_हा मॅसेज काढून टाकला_

देसाई ४०१: नाईक, मी वाचला.

रोहन ३०४: पाऊस आला तर पॉन्डिंग टेस्ट (पाणी साठवून गळती बघायची) फुकटात 😄

कामत काकू ४०२: तुझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्याचं छप्पर म्हणजे आमचा चौथा मजला आहे. माझ्याकडे उतरलं की तुझ्याकडे उतरेल.

राणे बाब ३०१: ह्या वयात पोर ऐकतं होय. नाईक, एक सुचवतो. सगळी गच्ची एकदम उघडी करू नका. अर्धी फोडा, ती विटांचा कोबा घालून बंद करा, मगच उरलेली. सर रोज दुपारी पत्रक बघतातच.

शिरोडकर सर २०३: बघतो. गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा अंदाजही येतो, पण त्याच्यावर कोबा फोडू नका. त्यातून कल समजतो, पावसाची एखादी सर समजत नाही. पुढचे दोन-तीन दिवस कोरडे दिसले तरच घण लावायचा.

नाईक (सेक्रेटरी): मान्य. पहिली अर्धी ४०१ कडची.

देसाई ४०१: का? प्रयोग आमच्या डोक्यावर का?

कामत काकू ४०२: कारण मी एक पावसाळा बादल्या लावून काढलाय.

सुनीता वहिनी १०२: दोघांनी रविवारी तिळगूळ घ्यायला या बघू.

पेडणेकर १०४: बी विंगच्या टाकीचा फ्लोट. गच्चीवर चढणारच आहात तर तेवढं बघा.

नाईक (सेक्रेटरी): ठरलं. चौथा-पाचवा दिवस जाऊ दे, मग सर सांगतील त्या दिवशी सुरुवात. कोणाच्या बाजूने ते चिठ्ठी टाकून, रविवारी हळदीकुंकवाला. कंत्राटदाराशी मी बोलतो, ओरडेल, ऐकून घेईन. मोठी ताडपत्री राणे बाबांच्या बागेतली चालेल?

राणे बाब ३०१: न्या. पण उंदराने दोन जागी खाल्लीय. आणि वाळपईहून आणणार कोण?

रोहन ३०४: देसाई काकांची पिकअप आहे ना.

देसाई ४०१: डिझेल सोसायटीने भरावं. पावती लागेल.